लिंबाचं झाड की नातीला दिलेला शब्द?

बदलापूरहून एका आजींचं पत्र आलं आहे. वय एकसष्ट, शाळेतून निवृत्त. तळमजल्यावरच्या घरापुढे छोटं अंगण आहे. यजमानांनी तीन वर्षांपूर्वी नर्सरीतून कागदी लिंबाचं कलम आणून ड्रममध्ये लावलं. यंदा हस्त बहाराला पहिल्यांदा फुलं धरतील, अशी त्यांना आशा आहे. शेजारी कढीपत्ता, कुंपणाला शेवगा. गणपतीत आठ वर्षांची नात राहायला आली आणि तिला लिंबावर अळ्या सापडल्या. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, मोठ्या झाल्यावर हिरव्यागार आणि डिवचलं की डोक्यामागून लाल शिंग काढणाऱ्या. तिने त्यांची नावं ठेवली आणि जाताना आजीकडून वदवून घेतलं, "यांना मारायचं नाही, प्रॉमिस?" आता झाडाचे शेंडे बोडके झाले आहेत. यजमानांनी औषधाची बाटली आणून खिडकीत ठेवली आहे. "झाड मरायची वाट बघू का?" असं ते विचारतात. आजींनी दोन अळ्या बरणीत घालून घरात आणल्या. एक मेली. दुसरीने कोष केला, पण त्यातून निघाली माशी. नातीला मात्र त्यांनी फोनवर सांगितलं, की दोन्ही फुलपाखरं होऊन उडून गेली. त्यात शेजारच्या वहिनींची तक्रार, की तुमच्या अळ्यांमुळे आमच्या मुलाच्या अंगाला खाज सुटते. आजी विचारतात, "फुलपाखरं यावीत म्हणून हौसेने झेंडू-झिनिया लावले आणि आल्या अळ्या. फुलपाखरं हवीत पण अळ्या नकोत, असं काही करता येतं का? की फवारून मोकळं व्हावं? नातीशी खोटं बोलले, तेही मनाला लागून राहिलंय."

ताई, नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते. अळ्यांशिवाय फुलपाखरांची बाग होत नाही. हे तुम्हाला माहीत नाही असं नाही; अंडं, अळी, कोष, फुलपाखरू ही साखळी तुम्ही फळ्यावर कितीदा काढली असेल. पण तक्त्यावरच्या त्या चित्रात अळी किती खाते हे कुणी दाखवत नाही, आणि तुमची सगळी अडचण तिथेच आहे. म्हणून तुमच्या प्रश्नाला भाबडा म्हणणार नाही. पत्रात तुम्ही पर्याय मात्र दोनच धरलेत, एकतर झाड जाईल नाहीतर शब्द मोडेल. तिथे मला थोडं थांबावंसं वाटतं.

तुमच्या नातीची नजर फार चांगली आहे. तिने सांगितलेल्या खुणांवरून या अळ्या लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांच्या असणार. लहानपणी काळी-पांढरी विष्ठा पडल्यासारखं दिसणं हा त्यांचा बचाव आहे, विष्ठा समजून पक्षी सोडून देतात. आणि ते लाल शिंग म्हणजे डोक्यामागे घडी घालून ठेवलेला एक मऊ अवयव. धोका वाटला की अळी तो बाहेर काढते, दोन फाट्यांचा, ओलसर, नारिंगी-लाल. त्याला उग्र वास येतो, मुंग्या आणि कोळी त्याने दूर राहतात. आपल्याला त्याचा काही त्रास नाही. नातीला पुढच्या वेळी बोटाने न डिवचता गवताच्या काडीने हलकेच स्पर्श करायला सांगा आणि नाक जवळ नेऊन वास घेऊ द्या. तो वास ती जन्मभर विसरणार नाही.

एक शक्यता आणखी आहे. काळ्या पंखांवर निळे पट्टे असलेलं ब्लू मॉरमॉन हे भलंमोठं फुलपाखरू तुमच्या भागात पावसाळ्यात आणि त्यानंतर दिसतं, तेसुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतं. 2015 साली ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं. देशात कुठल्याही राज्याने असं फुलपाखरू जाहीर करण्याची ती पहिलीच वेळ होती. तुमच्या ड्रममधली एखादी अळी त्याची निघाली तर मला नवल वाटणार नाही.

आता झेंडू-झिनियाबद्दल. फुलं लावली म्हणून फुलपाखरं आली, असा आपला समज असतो. फुलांवर ती मध प्यायला येतात हे खरं, पण वस्तीला येतात ती पानांसाठी. एकदा सकाळी दहाच्या सुमाराला लिंबाजवळ खुर्ची टाकून बसा. मादी आली की लगेच ओळखू येते. ती फुलांकडे वळत नाही, झाडाभोवती घिरट्या घालते, पानावर क्षणभर टेकते आणि पुढच्या पायांनी पान भराभर बडवते. तिला पायांनी चव कळते. पान योग्य झाडाचं आणि कोवळं आहे अशी खात्री पटली, की पोटाचं टोक वळवून एकच अंडं चिकटवते, मोहरीहून लहान, गोल, फिकट पिवळं. मग उठून दुसऱ्या शेंड्याकडे. लिंबू, कढीपत्ता आणि बेल ही तिन्ही झाडं एकाच कुळातली, म्हणून तिला तिन्ही चालतात. तुमच्या यजमानांनी लिंबू लावलं, त्या दिवशीच तुमच्या अंगणात फुलपाखरांची बाग सुरू झाली. हे त्यांना जरूर सांगा. ते फुलपाखरांच्या विरुद्ध बाजूला उभे आहेत असं तुम्हीही मनात धरू नका, कारण पत्रात तो सूर मला जाणवला. तीन उन्हाळे त्यांनी त्या झाडाला पाणी घातलं आहे. उन्हाळ्यात बदलापुरात पाण्याची काय स्थिती असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. पहिल्या बहाराची वाट बघणाऱ्या माणसाला बोडके शेंडे दिसले तर राग येणारच.

झाड मरेल का? तीन वर्षांचं, मूळ धरलेलं कलम या अळ्यांनी मरत नाही. शेंडे खाल्ले तरी खालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटतं. पण बहार उशिरा येईल किंवा कमी येईल, हा धोका खरा आहे. यजमानांची चिंता पोकळ नाही. नागपूर-अमरावतीकडच्या संत्र्याच्या रोपवाटिकांत हीच अळी मोठं नुकसान करते. हातभर उंचीच्या कोवळ्या कलमावर चार अळ्या असल्या तर नुसती काडी उरते. तिथला शेतकरी अळ्या वेचून काढतो, त्याला निर्दय म्हणण्याचा अधिकार मला नाही. रोप लहान असेल, त्यावर कुणाचं पोट असेल, तर अळ्या हाताने काढणं हा रास्त मार्ग आहे. तुमचं झाड त्या अवस्थेच्या पुढे गेलेलं आहे, एवढंच.

खाण्याचं गणितही समजून घ्या, म्हणजे घाबरायला होणार नाही. अळी चार वेळा कात टाकते. पहिले दहा-बारा दिवस ती इतकं कमी खाते की तुमच्या लक्षातही येत नाही. बहुतेक सगळं खाणं शेवटच्या चार-पाच दिवसांत होतं. म्हणून "काल झाड ठीक होतं आणि आज बघते तर काय" असं वाटतं. आणि ज्या दिवशी तुम्ही बाटली शोधायला निघता, त्या दिवशी त्यातल्या निम्म्या अळ्या खाणं थांबवून कोष करायला चाललेल्या असतात. पानांवर चंदेरी नागमोडी रेघा दिसत असतील आणि पानं वळली असतील, तर ती वेगळी. ती नागअळी, एका बारीक पतंगाची. तिचं खापर या हिरव्या अळ्यांवर फोडू नका. जास्त वळलेली पानं खुडून टाकली तरी पुरतं.

बाटलीबद्दल माझं मत पक्कं आहे, वापरू नका. कोणतं औषध आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण लेबलवर एक रंगीत त्रिकोण असतो तो बघा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. शेजारी कढीपत्ता आहे आणि तुम्ही रोजच्या फोडणीला तो तोडता. अंगणात फवारलेलं औषध ड्रमच्या कडेला थांबत नाही. शिवाय ते अळी निवडून मारत नाही. लिंबाच्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, येतो तेव्हा तो खाणाऱ्या ठिपकेदार लेडीबर्ड भुंगेऱ्यांची पिल्लंही त्याच पानांवर असतात. ती मेली की महिनाभराने मावा दुप्पट जोराने येतो आणि यजमान पुन्हा दुकानात. "मग निंबोळी अर्क मारतो, तो नैसर्गिक आहे" असं ते म्हणतील. निंबोळी अर्कानेही अळीचं खाणं सुटतं, तिला कात टाकता येत नाही आणि ती मरते. फवारायचंच असेल तर निदान हे माहीत असून फवारावं. कडुनिंबाचं नाव घेतलं की हत्या होत नाही, अशी समजूत करून घेऊ नये.

मग करायचं काय? झाडाची वाटणी करा, आणि ती यजमानांना करू द्या. कोणत्या फांद्यांवर त्यांना बहार हवाय ते त्यांनीच ठरवावं. त्या फांद्यांवर नवी पालवी फुटायला लागली की जुन्या मच्छरदाणीचा तुकडा सैलसर गुंडाळून बुडाशी सुतळीने बांधायचा. बांधण्याआधी आत अंडी नाहीत ना, हे पानं उलटून बघा, नाहीतर अळ्या आतच पाळल्या जातील. पानं जून होऊन गडद झाली, की मादीला त्यांत फारसा रस उरत नाही. कळ्या उमलायच्या सुमाराला जाळी काढा, मधमाश्यांना आत जाता आलं पाहिजे. उरलेल्या फांद्या नातीच्या. ड्रममधल्या एवढ्या झाडावर चार-पाचपेक्षा जास्त मोठ्या अळ्या एका वेळी ठेवू नयेत, असं मी म्हणेन.

जास्तीच्या अळ्यांना दुसरं घर लागेल. अळी कधी चिमटीत धरून ओढू नका, ती पानाला घट्ट धरून असते आणि इजा होते. ती बसलेलं पान देठासकट कापा आणि नव्या झाडाच्या पानात अडकवून ठेवा. जुनं पान सुकलं की ती आपोआप नव्यावर जाते. कढीपत्त्याच्या बुडाशी फुटवे येतात, ते उपटून टाकण्याऐवजी दोन-तीन कुंड्यांत लावा. ही अळ्यांची हक्काची झाडं. जवळपास शंकराचं देऊळ असेल तर आवारात बेल असेलच. मोठ्या बेलाला दहा अळ्यांनी काही होत नाही. फक्त आधी पुजाऱ्यांना विचारा, कारण पूजेला अखंड पानं लागतात आणि त्यांच्या झाडाची पानं कुरतडायला त्यांच्याही नकळत कुणी सोडणं बरं नव्हे. एक मात्र ध्यानात ठेवा, हा बदल अळी लहान असताना करा. लिंबावर वाढून बोटाएवढी झालेली अळी बेलाचं पान तोंडात न धरता उपाशी राहू शकते. तिला लिंबाचीच एखादी जून फांदी द्या, ती निमूटपणे जून पानं खाते.

आता बरणीचं. मेलेल्या अळीबद्दल तुम्ही स्वतःला दोष देताय. बंद बरणीत दमटपणा साचतो, पान सुकतं, विष्ठा कुजते, आणि अळीला बुरशी किंवा रोग लागतो. घरात आणल्याने ती सुरक्षित होते असं आपल्याला वाटतं, पण तिला लागतं ताजं पान आणि वाहती हवा. नातीसाठी एखादी जवळून बघायचीच असेल, तर जाळीची टोपली किंवा भाजी झाकायची जाळी घ्या. लिंबाची छोटी डहाळी पाण्याच्या लहान बाटलीत खोचा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते. पान रोज ताजं. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या रोपाचं पान मुळीच नको, त्यावर औषधाचा अंश असतो. कोष करायच्या आधी अळी खाणं बंद करते, पातळ शी करते आणि कुठेतरी उभी जागा शोधत सैरावैरा फिरते. ती आजारी नसते. आत एक उभी काडी ठेवा म्हणजे झालं.

आणि ती माशी. तुम्ही लिहिलंय, "घाण वाटली, काहीतरी पाप केल्यासारखं." ताई, ती माशी तुमच्या बरणीत शिरलेली नव्हती. या माश्या अळीच्या अंगावर अंडी घालतात. त्यांची पिल्लं अळीच्या आत वाढतात, ती अळी खात राहते, कोषही करते, आणि कोषातून बाहेर पडतात या माश्या. काही कोषांतून बारीक गांधीलमाश्यांचा थवाच निघतो. तुम्ही तिला घरात आणलं तेव्हाच ते ठरून गेलेलं होतं. बाहेर तर याहून जास्त घडत असतं. खिडकीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी मातीचं गाडगं बांधते, त्यात ती गुळगुळीत अळ्या बेशुद्ध करून भरून ठेवते, पिल्लाची शिदोरी म्हणून. बुलबुल, शिंपी, चिमण्या पिल्लांना भरवतात त्यात अळ्याच असतात. धान्य खाणारी चिमणीसुद्धा पिल्लाच्या चोचीत अळी घालते. एका मादीने घातलेल्या सगळ्या अंड्यांपैकी सरासरी दोन जरी फुलपाखरू होऊन संसाराला लागली, तरी त्यांची संख्या जेवढ्यास तेवढी राहते. म्हणजे बाकीच्या बहुतेक अळ्या कुणाचं तरी अन्न व्हायच्याच असतात. तुमच्या अंगणात माशी आली, गांधीलमाशी आली, शिंपी आला, याचा अर्थ तिथे कुणीतरी अळ्यांवर नजर ठेवून आहे आणि झाड काही एकट्या तुमच्या यजमानांवर सोडलेलं नाही. औषध मारलं की पहिल्यांदा हे राखणदार जातात.

म्हणूनच नातीला खरं सांगा, असं मी आग्रहाने म्हणते. खोटं बोललात ते मायेपोटी. पण आठ वर्षांच्या मुलीला माशीची गोष्ट झेपत नाही, हे आपणच ठरवून टाकतो. मुलांना ती भयंकर कमी वाटते आणि विलक्षण जास्त. फोनवर नको, ती दिवाळीच्या सुट्टीत येईल तेव्हा समोर बसवून सांगा: "बाळा, मी तुला पूर्ण खरं सांगितलं नव्हतं. एक मेली आणि एकीच्या कोषातून माशी निघाली. तुला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही." रडली तर रडू द्या. ती दहा प्रश्न विचारेल, त्यातल्या निम्म्यांची उत्तरं तुम्हाला आता येतात. शब्दाचंही तेव्हाच स्पष्ट करा. एकही अळी मरणार नाही, असा शब्द कोणतीही आजी देऊ शकत नाही. आपण विष घालणार नाही आणि काही फांद्या त्यांच्यासाठी ठेवू, हा शब्द देता येतो आणि पाळता येतो. तो देताना आजोबांना शेजारी बसवा. फांद्या कोणी दिल्या, हे तिला कळू दे.

जमलं तर एका सकाळी तिघं मिळून ठाण्याला जा. घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला ओवळेकरवाडी फुलपाखरू उद्यान आहे. निघण्याआधी ते कधी उघडं असतं याची चौकशी करा. तिथे अळ्यांची खाद्यझाडं मुद्दाम लावलेली आहेत. कुरतडलेली पानं कुणी अभिमानाने जपतं, हे यजमानांनी एकदा पाहिलं की तुमचं घरातलं अर्धं बोलणं वाचेल. नातीला नोंदी ठेवायची आवड असेल तर दर सप्टेंबरात देशभर बिग बटरफ्लाय मंथ असतो, 2020 पासून. आपापल्या अंगणात, रस्त्याकडेला दिसलेली फुलपाखरं लोक त्यात नोंदवतात. पुढच्या गणपतीत तिला ते करता येईल.

शेजारच्या वहिनींची तक्रार हलक्यात घेऊ नका, फक्त आरोपी चुकलाय. लिंबावरच्या गुळगुळीत हिरव्या अळीने खाज सुटत नाही. तुम्ही कुंपणाला शेवगा आहे असं लिहिलंय, माझा संशय तिथे आहे. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात, दिवसा खोडाला चिकटून आणि रात्री पाल्यावर. ते एका पतंगाचे, आणि त्यांचे केस अंगात रुतले की चांगलीच आग होते. आज संध्याकाळी बॅटरी घेऊन खोड बघा. पुंजके असतील तर लांब दांड्याच्या झाडूने ते साबणाच्या पाण्याच्या बादलीत खरवडून पाडा, अंगभर कपडे आणि हातमोजे घालून. जाळ लावू नका, खोडाची साल जळते आणि केस हवेत उडतात. इथे मी मारायला सांगतेय, हे मला माहीत आहे. लहान मुलाच्या अंगावर चट्टे उठत असतील तर त्याचं ऐकायचं. खाज आल्यावर चोळू नये. आधी चिकटपट्टी लावून उचलायची म्हणजे केस निघतात, मग साबणाने धुवायचं. डोळ्यात गेलं किंवा सूज चढली तर थेट डॉक्टर. वहिनींना स्वतः जाऊन सांगा, सोबत कढीपत्ता न्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघून "सगळीकडे फवारा" असा ठराव होण्याआधी हे झालेलं बरं.

तुमच्यासारखीच पत्रं फ्लॅटमधूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. अंगण नसेल तर ग्रिलमध्ये पानफुटीची कुंडी ठेवा. रेड पियरो हे काळं-पांढरं, मागच्या पंखावर नारिंगी डाग असलेलं इवलंसं फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं आणि अळी पानाच्या जाडीत शिरून आतून खाते. पान पारदर्शक, डागाळलेलं दिसतं. रोग समजून लोक ते खुडून फेकतात, आत अळीसकट. एवढं एक थांबवलं तरी तिसऱ्या मजल्यावर फुलपाखरं वाढतील. कृष्णकमळाच्या वेलीवर काटेरी तांबूस अळ्या दिसल्या तर त्या टॉनी कोस्टरच्या, त्यांचे काटे बघायला भीतीदायक पण मऊ असतात. तरीही ओळख पटेपर्यंत कुठल्याच काटेरी किंवा केसाळ अळीला उघडा हात लावू नका. गावाकडे मोकळी जागा असेल तर कोपऱ्यात रुई राहू द्या, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची प्लेन टायगरची अळी येते. पण रुईचा चीक डोळ्याला फार वाईट, घरात लहान मूल असेल तर कुंपणापलीकडेच बरी. आणि पावसाळ्यात टाकळा उगवतो तो भाजीपुरता तोडून बाकीचा तसाच ठेवा, त्यावर पिवळी ग्रास यलो वाढतात. फुलांत पैसे घालायचे असतील तर गेंददार संकरित झेंडूपेक्षा एकेरी पाकळ्यांची झिनिया, पेंटास, एक्झोरा, जास्वंद घ्या.

शेवटी तुमच्यासाठी एक तातडीचं. लिंबावरून नाहीशा झालेल्या अळ्या मेल्या असं धरू नका. त्या ड्रमच्या कडेखाली, खिडकीच्या चौकटीला, ग्रिलला, कुंपणाच्या तारेला कोष करून असतील, आजूबाजूला साजेसा हिरवा किंवा तपकिरी रंग घेऊन, कमरेला एक बारीक धागा बांधून. आता दिवाळीची साफसफाई सुरू होईल आणि केरसुणीच्या एका फटक्यात ते जातील. कामाला येणाऱ्या मावशींना आधीच दाखवून ठेवा. साधारण आठ-दहा दिवसांत कोष गडद होतो आणि कवचातून पंखांची नक्षी दिसायला लागते, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू निघणार. निघाल्यावर तासभर तरी ते लटकून पंख वाळवतं, तोवर कुणी हात लावू नये. खाली लालसर थेंब पडतात. ते रक्त नव्हे, कोषात साठलेला मळ आहे, नातीला आधीच सांगा म्हणजे घाबरणार नाही. थंडीत कोष जास्त दिवस तसाच राहू शकतो, म्हणून महिना झाला तरी घाई करू नका. टिचकी मारल्यावर हलका, पोकळ लागला आणि वर फट दिसली, की तेवढी खिडकी खुशाल झाडून घ्या.